शिवाकाकांच्या तोंडचं गाऱ्हाणं

कणकवली, ११ ऑगस्ट

चि. गौरजा,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तुला ते नाकारायची सोय राहणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपापुढे एकुलती एक खूण उभी असते, दुसरी तिला भेटायला येत नाही. उरलं टपालखातं. पोस्टातल्या किशोरीबाईंनी पाकिटावरचा दिल्लीचा पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "सर, हल्ली स्पीड पोस्टान दोनच वस्तू जातत. कोर्टाची नोटीस, नाय तर राखी." मी म्हटलं, "ह्या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे."

तुझा शेवटचा निरोप दोन ओळींचा होता. आईनं सगळं घालवलं. मला फोन करू नका.

तुझा राग मी समजू शकतो. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं, त्यात एक सत्र कुठल्यातरी संस्थेत इंटर्न म्हणून राबायचं, राबल्याबद्दल पगार नाही पण शेवटी मॅडमच्या सहीचं प्रशस्तिपत्र, आणि त्या प्रशस्तिपत्रावर पुढचा सगळा संसार. आमच्याकडे लग्नात पंगत वाढणाऱ्यालासुद्धा शेवटच्या पंगतीला बसवतात, पण ते असो. तुला संस्थाही चांगली मिळाली होती आणि कामही मोठं. दोन शेजारी देशांची सरकारं समोरच्या दारात भांडतात, आणि त्याच वेळी दोन्हीकडचे निवृत्त अधिकारी मागच्या पडवीत बसून हळू आवाजात बोलतात. विषय तर आपल्या किनाऱ्याचाच. हद्द ओलांडली म्हणून एकमेकांनी पकडून ठेवलेले मच्छीमार. अट एवढीच, की खोलीत कोण काय बोललं ते बाहेर जायचं नाही.

आणि ते थेट देवळात गेलं.

तुझ्या मॅडमना गाऱ्हाणं म्हणजे काय ते कसं सांगशील, मला माहीत नाही. आमच्या देवाला मोघम चालत नाही म्हणावं. नाव, गाव, अडचण, सगळं चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागतं. गावकार बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतो. गुप्त गाऱ्हाणं असा प्रकारच नाही. सप्ताहाच्या समाप्तीला तुझ्या आईनं रवळनाथाकडे नारळ ठेवला, गावकार म्हणून शिवाकाकांनी गाऱ्हाणं घातलं, मोबाइलच्या दुकानातल्या विश्वेशनं ते व्हिडिओत टिपलं आणि रात्रीपर्यंत ते मुंबईत होतं. कुणा उपद्व्यापी माणसानं खाली इंग्रजी अक्षरं चिकटवली नसती, तर ते मुंबईतच राहिलं असतं.

तू ते शंभरदा ऐकलं असशील. तरी लिहितो, कारण नेमकं काय बोललं गेलं हे दोघांनाही माहीत असावं.

"बा देवा रवळनाथा, सुशीला वहिनीन नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे. व्हय म्हाराजा! तिचा चेडू गौरजा दिल्लीक मोठ्या कामाक लागला हा. दोन देशांचे म्हातारे सायब बंद खोलयेत बसतत, थंय ता पाण्याचे बाटले मांडता. व्हय म्हाराजा! ह्यो म्हणता माझी खुर्ची बुटकी, त्यो म्हणता माझो झेंडो बुटको, ह्येच्यातच सकाळ जाता. पालखयेक आधी खांदो कोणाचो म्हणान आमची केस कोर्टात आसा, तशीच तेंची. व्हय म्हाराजा! हयलो सायब बसल्या बसल्या निजता, तिकडलो सायब वाचता वाचता रडता. निजल्याक जाग दी, रडल्याक रुमाल दी. व्हय म्हाराजा! आणि आमच्या चेडवाक सर्टिफिकेट दी."

खुर्चीची ओळ जरा जास्तच बरी जमली आहे, हे शत्रूनंही मान्य करावं.

आता आईबद्दल. तू दर रविवारी फोनवर तिला सगळं सांगायचीस, आज कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कोण कुणावर रुसलं. तिनं ते मनात ठेवायला हवं होतं, हे खरं. पण आई भाबडी आहे. देवापासून काय लपवायचं, हे तिचं साधं तत्त्व. मी तिला समजावून सांगितलं आहे. तू शिकलेली आहेस, तूच मोठं मन कर.

तुझा,
बाबा

कणकवली, २१ ऑगस्ट

चि. गौरजा,

स्टाफरूममध्ये तुझा फोन आला, तेव्हा समोर भूगोलाचे सर उत्तरपत्रिका तपासत होते आणि त्यांचे दोन्ही कान माझ्याकडे होते. म्हणून मी नुसता 'बरं, बरं' करत राहिलो. फोनवर जे नीट बोललो नाही ते लिहितो.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी समजून घेता. आईला फोन देऊ नका." या वाक्याचा पहिला भाग मला नको होता. दुसरा तर नकोच होता.

तिकडचे ते रडणारे अधिकारी मंडळातून बाहेर पडले, हे तुझ्याकडून कळलं. पकडलेल्या माणसांची नावं वाचताना त्यांना रडू आलं होतं, असं तू सांगितलं होतंस. त्यांच्या देशातल्या पेपरात रुमालाचं चित्र छापून आलं म्हणे. चाळीस वर्षं नौदलात काढलेल्या माणसाचं. मला त्यावर काही सुचत नाही. मला काही सुचत नाही असं सहसा होत नाही, तुला माहीत आहे.

तुझ्या मॅडमना हवा होता तो घरचा खुलासा मी लिहिला आहे आणि सोबत जोडला आहे. माझं इंग्रजी असल्या कामाला फार शोभतं. 'विद्यार्थिनीची आई श्रद्धाळू, ग्रामीण गृहिणी असून संस्थेच्या नियमांची तिला कल्पना नव्हती. घडल्या प्रकारात कोणाचाही उपहास करण्याचा हेतू नव्हता.' तिच्या अंगणवाडीचा उल्लेख मी केला नाही. इतकी वर्षं वाडीतल्या पोरांना अक्षर शिकवणारी बाई अडाणी म्हणून पटायला जरा जड जाते.

आईला मी ते मराठीत सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"मीच."

"माझ्याबद्दल?"

"हो."

"बरा लिवलात." हात धुऊन, पुसून ती आली. "सही खंय करूची?"

सही करण्याआधी तिनं मला एक-दोन गोष्टी विचारल्या. खुलाशाशी त्यांचा संबंध नाही, म्हणून इथे लिहीत नाही. मग तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेली.

चतुर्थीला येशील ना?

बाबा

कणकवली, १० सप्टेंबर

चि. गौरजा,

अभिनंदन. खुलासा पावला, मॅडम विरघळल्या, तू परत त्या बंद खोलीत गेलीस. अशिक्षित आईच्या भाबडेपणाची एवढी कदर होते हे आधी माहीत असतं, तर आम्ही तुला शिकवताना जरा जपून शिकवलं असतं.

ही ओळ खोडणार होतो. राहू दे.

चतुर्थीला तू आली नाहीस. तुझ्या आईनं कुणाला काही विचारलं नाही. फक्त खापरोळ्या केल्या, घरात त्या तुझ्याशिवाय कुणी खात नाही, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीताकाकीकडे पाठवून दिल्या. रविवारी चार वाजता ती फोन चार्जिंगला लावते. भरलेला असला तरी लावते. बाजूला बसून भाजलेल्या काजूची फोलं सोलते. फोन वाजला की नाव बघते, मग मला हाक मारते, "तुमचो." वाजणारे सगळे फोन हल्ली माझेच असतात.

गावात तिची एक गंमत झाली आहे. बायका विहिरीवर बोलता बोलता थांबतात. कुणीतरी म्हणतं, "सुशीलावयनी इली, उलव नको गो, ही देवाक सांगतली आणि देव दिल्लीक कळयतलो." हसतात. तीही हसते. मी तिथून स्कूटर घेऊन जात होतो म्हणून कानावर पडलं. थांबलो नाही.

शिवाकाकांचं मात्र नशीब उघडलं. देवगडला कुणा आंबेवाल्याच्या नव्या लॉजचं उद्घाटन होतं, तिथे त्यांना खास गाऱ्हाणं घालायला गाडी पाठवून नेलं. परवा रस्त्यात भेटले, नवं धोतर, नवी टोपी. म्हणाले, "सर, लोकांका त्येच व्हया. खुर्ची, झेंडो, तसला. पुढला कधी जुळवतास?"

म्हाताऱ्याच्या बोलण्याला हल्ली काही धरबंध राहिलेला नाही.

तू विचारलंस, आई कशी आहे. तसं नाही, खरं तर तू विचारलं नाहीस. आई बरी आहे. तुला एक सांगायचं होतं, पण टपालाची शेवटची वेळ होत आली, किशोरीबाई शटर ओढतात.

बाबा

कणकवली, ५ ऑक्टोबर

गौरजा,

तुझ्या सादरीकरणाचा कच्चा खर्डा कॉलेजच्या ई-मेलवर आला. 'मालवणी ओळी तपासून द्या बाबा, शुक्रवारच्या आत,' असं तू लिहिलंस. ओळी तपासल्या. त्यात चूक नाही. चूक आहे ती मी खाली लिहितो आहे. हे ई-मेलवर लिहिता आलं असतं, पण तिथे मी तीन ओळींत काहीतरी चटकदार लिहून सुटलो असतो. फोनवर तर मी विनोदच करतो.

आधी खर्ड्याबद्दल. इंटर्नशिपच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या अनुभवातलं एक प्रकरण मांडायचं, आणि तू हे निवडलंस. गुप्तता, विश्वास आणि पारंपरिक समाज. मॅडमना कल्पना फार आवडली म्हणतेस. आवडणारच, चांगलं लिहिलं आहेस. आईचा उल्लेख 'माहितीअभावी वागलेला स्थानिक घटक' असा केला आहेस. आणि तो विनोद, की देवाला पाठवायचा निरोप चुकून 'सर्वांना पाठवा'वर दाबला गेला. मी हसलो. आधी हसलो, हे लिहून ठेवतो. मग लक्षात आलं, की समोर नसलेल्या माणसावर हसायची ही कला तू कुठून उचललीस.

मी हसलो म्हणून आई आत आली. "चेडवान काय लिवल्यान? वाचा बघू."

मी वाचलं. मराठी करत करत, मधलं गाळत. ती पाठीमागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. तुझ्या तिसऱ्या पानावर त्या व्हिडिओतलं चित्र आहे, हात जोडलेली बाई, चेहरा पुसट केलेला. नियमाप्रमाणे.

"ह्या मी मा?"

"हो."

"त्वांड पुसल्यान तरी लुगडा वळाखता माका," ती म्हणाली. मग स्क्रीनकडे बोट करून, "तुमी मदला मदला सोडतास. मदी काय आसा?"

"काही नाही. परिभाषा."

"वायट आसा?"

मी पुढचं पान काढलं. ती म्हणाली, "आसांदे. तिच्या कामाक येता मा? मगे आसांदे." आणि आत गेली. थोड्या वेळानं पाटावरवंटा वाजायला लागला. मिक्सर असताना.

गौरजा, ते गाऱ्हाणं मी जुळवलं.

समाप्तीच्या दिवशी सकाळी शिवाकाका आपल्या पडवीत आले होते. म्हणाले, "वयनीन सांगल्यान हा चेडवासाठी गाऱ्हाणा घालूक. काय काय घालू, सर?" आईनं त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. चेडवाचं काम नीट होऊ दे, आणि जे लोक तिकडे आणि हयसर बंद आहेत ते आपापल्या घरी येऊ देत. बस्स. दिल्ली नाही, खुर्ची नाही, रुमाल नाही. तू रविवारी जे सांगायचीस ते तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर असायचा आणि पेपर वाचत बसल्याचं सोंग करणारा माणूस मी होतो.

मी शिवाकाकांना म्हटलं, "हे फारच साधं झालं. देव झोपेल." आणि रचून दिलं. त्यांच्याकडून म्हणून घेतलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं. म्हातारा एकदा अडखळला. "सर, रडणाऱ्या माणसाक हसूचा?" मी म्हटलं, "अहो, आपण कुठे हसतो, देवाकडे त्याच्यासाठी रुमाल मागतो." त्याला पटलं. मी पटवण्यात चांगला आहे.

आईची दुसरी ओळ मी काढून टाकली. पकडलेली माणसं घरी येऊ देत, ती. त्या ओळीला हशा नव्हता.

तू विचारशील का केलं. पेपरातलं माझं सदर बंद होऊन वर्ष झालं होतं. संपादक म्हणाले, सर, हल्ली कोण वाचतं. वर्गात पोरं मोबाइलच्या उजेडात बघतात. मला एवढंच हवं होतं, की मी रचलेल्या वाक्यावर माणसांनी एकदा भरपूर हसावं. आणि हसली. खांबाला धरून हसली. मी त्यांच्याकडे बघत होतो. तुझी आई हात जोडून आपल्या ओळीची वाट बघत होती. गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, ती ओळ आलीच नाही. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, हे मला विश्वेशच्या व्हिडिओत दिसलं. प्रत्यक्षात मी पाहिलं नव्हतं.

व्हिडिओ पसरला तेव्हा पहिले दोन दिवस मला एकाच गोष्टीचं दुःख होतं. खाली शिवाकाकांचं नाव होतं, माझं नव्हतं.

मग तुझा निरोप आला, 'आईनं सगळं घालवलं', आणि मला लपायला जागा मिळाली. पहिलं पत्र काढून बघ. त्यात शब्दाला शब्द खोटं फार थोडं आहे. नारळ तिनं ठेवला, गाऱ्हाणं शिवाकाकांनी घातलं. मी फक्त मधून निघून गेलो. माझं नाव हरिश्चंद्र ठेवणाऱ्या आजोबांनी माझ्यावर जरा जास्तच विश्वास टाकला.

सही करण्याआधी आईनं काय विचारलं ते मी लिहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "ह्येच्यान तिचा काम वाचात?" मी म्हटलं, वाचेल. अडाणी आईची चूक माफ होते. बाप लिहिणारा आहे आणि त्यानं हसवण्यासाठी मुद्दाम केलं, हे कळलं तर तुला कायमचं बाहेर काढतील. हे खरंही होतं, म्हणून जास्त सोयीचं होतं. मग तिनं विचारलं, "आणि मगे ती माझ्याशी उलयत?" मी म्हटलं, "थोडा वेळ जाईल." तिनं सही केली.

मी ठरवलं होतं, तुझं प्रशस्तिपत्र हातात पडेपर्यंत गप्प राहायचं, नंतर सावकाश सांगायचं, त्यात काही गोड प्रसंग घालून. पण शुक्रवारी तू पडद्यावर ते लुगडं दाखवणार आहेस आणि लोक हसणार आहेत.

आता तुझी कोंडी मी केली आहे, तेही लिहितो. सांगितलंस तर खुलासा खोटा ठरतो, आणि त्याच्या आधारानं तू आत बसली आहेस. नाही सांगितलंस तर तू माझ्यासारखी होशील. काय कर, हे सांगायचा मला अधिकार नाही. मॅडमना माझ्या नावानं, माझ्या सहीचं पत्र लिहून सोबत ठेवलं आहे, उघडंच. द्यायचं तर दे, फाडायचं तर फाड.

फक्त आईला फोन कर. तिच्याच नंबरवर.

बाबा

ता.क. हे तिला दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं.

कणकवली, ९ नोव्हेंबर

चि. गौरजा,

तू मला पत्र लिहू नका म्हणाली नाहीस, म्हणून लिहितो. माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस तेही रास्त आहे.

आईकडून जे कळलं ते असं. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तू मॅडमकडे गेलीस. सादरीकरण रद्द झालं. दुसऱ्या फेरीच्या वेळी तू खोलीत नव्हतीस, वाचनालयात होतीस. जे मिळेल ते प्रशस्तिपत्र नसेल, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हजर होती एवढाच दाखला असेल, आणि जानेवारीपासून तुला ठेवून घेणार होते ती जागा तुझ्या वर्गातल्या तन्वीला गेली. मॅडम ओरडल्या नाहीत, म्हणालीस. त्या ओरडल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

मंडळ सोडून गेलेल्या त्या नौदलाच्या अधिकाऱ्यांना मी मॅडममार्फत दोन परिच्छेद लिहिले. त्यांत एकही उपमा नाही. उत्तर आलं नाही. मीही त्यांच्या जागी दिलं नसतं.

तुझ्या आईनं माझं कौतुक केलं असेल असं तुला वाटत असेल तर सांगतो. माझ्या पत्रानंतर तू पहिल्यांदा तिला फोन केलास, त्या दिवशी ती फोन ठेवून पडवीत आली.

"तुमी तिका सगळा लिवलात?"

"लिहिलं."

"तिचा काम गेला."

"गेलं."

"मी सही केलंय, गावात हसा करून घेतलंय, तिच्याकडना आयकान घेतलंय. ता सगळा तुमी फुकट घालवलात." ती रडत नव्हती. फार रागात होती. "तुमका सांगूचा होता तर त्याच दिसा सांगूचा. नाय तर मरासर गप रवाचा. मदीच कित्याक? तुमका सोसला नाय म्हणान?"

मी हो म्हटलं.

"तुमचा आपला बरा," ती म्हणाली. "आधी हसवून मोकळे, मगे सांगून मोकळे."

इतकी वर्षं या जिल्ह्यात लोक मला तिरकस म्हणतात. मला इतकं नेमकं एक वाक्य कधी जमलं नाही, आणि हे मी दाद म्हणून लिहीत नाही.

विहिरीवर मी गेलो होतो. बायका पाणी भरत होत्या, तिथेच उभं राहून सांगितलं, की सुशीलानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते मी केलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सीताकाकी म्हणाली, "भावोजी, ता आमका म्हायत होता. शिवाकाकाक यवढा खंय सुचता?" मी विचारलं, मग तुम्ही सुशीलाला का हसत होता? ती म्हणाली, "तुमका कसा हसतले? तुमी उलटा लिवतास." घागर कमरेला लावली आणि निघाली. म्हणजे गावाला माहीत होतं, आणि गाव तिला हसत होतं, कारण तिच्याकडून परतफेडीची भीती नव्हती.

शिवाकाकांना मी सांगितलं, यापुढे मी काही जुळवणार नाही. नाराज झाले. वैभववाडीची एक सुपारी आधीच घेऊन बसलेत.

आज रविवार. चार वाजता तुझा फोन आला. ती फोलं सोलत होती, हात तसेच पदराला पुसले आणि फोन घेऊन उठली. पूर्वी ती तो मध्ये ठेवायची, स्पीकर लावून, तिचा एक कान आणि माझा एक. आज ती पडवी उतरली, गोठा ओलांडून काजूच्या झाडांकडे गेली. तिथे रेंज धड नसते, तुला माहीत आहे. एका जागी उभं राहिलं तर लागते, हललं की जाते. ती एका जागी उभी राहिली.

पडवीतून मला ती दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिनं एका हातानं काहीतरी दाखवलं, जसं समोर तू उभी असशील, आणि मग ती हसली. वाकून हसली, झाडाच्या खोडाला हात टेकून. तू काय सांगितलंस, कुणाबद्दल, मला माहीत नाही. एकदा तिनं हसता हसता घराकडे बघितलं, म्हणून अंदाज बांधता येतो.

जवळ जावंसं फार वाटलं. गेलो नाही. तिनं अर्धवट टाकलेली फोलं पुढ्यात ओढली आणि सोलत बसलो. बोटं काळी झाली आहेत, कागदावर डाग पडले आहेत, ते माझे समज.

बाबा